१/३५ स्केलचा दगडी पूल: युद्धाचा डायोरामा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डायोरामा म्हणजे छोट्या मॉडेलांचा देखावा, अन १/३५ म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा. टँक, जीप, जवान हे सगळं किटमधून निघतं, पण ते उभं कुठं करायचं हा प्रश्न आला की बहुतेक नवीन लोकं एक सपाट फळी घेतात, त्यावर माती चिकटवतात अन मोकळे होतात. त्यापेक्षा एक कमानीचा दगडी पूल करून पाहा. एका पुलामुळे देखाव्याला वरचा अन खालचा असे दोन मजले मिळतात, वरून गाडी चाललीय, खाली पात्रात दोघं जण दबा धरून बसलेत, असं काहीही दाखवता येतं अन त्यासाठी लागणारं जवळपास सगळं सामान नागपुरात मिळून जातं.

मी इथं इटलीतला एका कमानीचा छोटा पूल घेतलाय, १९४४ चा उन्हाळा धरून. इटलीच का, तर आपली माणसं तिथं लढलीत म्हणून. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात लढता लढता पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळाला, अन त्याच रेजिमेंटच्या शिपाई नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या अन दहाव्या डिव्हिजन होत्या, तरी आपल्याकडे डायोरामा म्हटलं की लोकं नॉर्मंडी नाहीतर स्टालिनग्राडच करून राहिले. मराठी माणसानं इटली करावी असं मला मनापासून वाटतं.

आधी कमान समजून घ्या

हे वाचल्याशिवाय कटर हातात घेऊ नका. पूल रंगामुळे दगडी दिसत नाही, वजन कुठून कुठं जातंय हे डोळ्याला कळलं की तो दगडी दिसतो. कमानीतला प्रत्येक दगड पाचरीसारखा असतो, खाली अरुंद अन वर थोडा रुंद, तो शेजारच्याला दाबतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, असं करत करत सगळा दाब दोन्ही काठांवरच्या जाड बांधकामात उतरतो. त्याला सिव्हिलवाले अबटमेंट म्हणतात. बांधताना खाली लाकडाचं सेंटरिंग असतं, सगळ्यात शेवटी मधोमध चावीचा दगड बसतो अन मग सेंटरिंग काढलं तरी कमान उभी राहते.

यातून मॉडेलसाठी तीन गोष्टी निघतात. कमानीच्या दगडांमधली प्रत्येक रेघ वर्तुळाच्या केंद्राकडेच गेली पाहिजे. दगडांची संख्या विषम पाहिजे, म्हणजे मधोमध सांधा न येता चावीचा दगड येतो. अन दोन्ही बाजूचं बांधकाम भारी दिसलं पाहिजे, काटकुळं नाही. नवीन माणूस नेमकं काय करतो, तर भिंतीवर आडवे थर काढतो अन तेच थर सरळ कमानीच्या कडेपर्यंत नेऊन सोडतो. असा पूल खरा असता तर पहिल्याच बैलगाडीखाली बसला असता, अन पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे जाणवतंच.

कामठीच्या पुढे कन्हान नदीवर इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल आहे, एखाद्या रविवारी सकाळी जाऊन काठावरून तो नीट पाहून या. पुराच्या पाण्याचे डाग किती उंचीपर्यंत चढलेत, कोपऱ्याचे दगड बाकीच्यांपेक्षा किती मोठे आहेत, सांध्यांतून गवत कुठं निघालंय, फोटो काढून ठेवा. फक्त रंग तिथून उचलू नका. आपल्या डोळ्यात काळा बसाल्ट बसलेला असतो, इटलीच्या त्या भागात मात्र चुनखडी अन वालुकाश्म, म्हणजे पिवळट राखाडी, मातकट दगड.

मापं

१/३५ मधे खरा १ मीटर म्हणजे २८.६ मिलिमीटर. माणूस साधारण ५० मिमीचा होतो. शर्मन टँकची रुंदी २.६२ मीटर, म्हणजे मॉडेलमधे ७५ मिमी. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, प्रत्येक वेळी कामी येतात.

आपला पूल ६ मीटर गाळ्याचा (गाळा म्हणजे कमानीखालची मोकळी रुंदी), म्हणजे १७१ मिमी. कमान अर्धवर्तुळाची, त्रिज्या ८६ मिमी. कमान जिथून सुरू होते ती जागा पात्रापासून २८ मिमी वर. कमानीच्या दगडाची जाडी १४ मिमी (खरी अर्धा मीटर) अन त्यावर भराव धरून ९ मिमी, म्हणजे रस्ता पात्रापासून १३७ मिमी उंचीवर. दोन्ही बाजूला ८० मिमीचं बांधकाम धरलं की पुलाची लांबी ३३१ मिमी होते. रुंदी १२५ मिमी ठेवा, त्याचं कारण पुढे येतं. त्यात दोन्हीकडचे ११-११ मिमीचे कठडे वजा केले तर रस्ता १०३ मिमी उरतो अन शर्मन दोन्ही बाजूला १४ मिमी सोडून आरामात बसतो. खाली ४२० बाय ३०० मिमीची १२ मिमी जाडीची प्लाय घ्या. एमडीएफ नको, ओलं लागलं की फुगतं.

सामान

मुख्य माल एक्सपीएस फोम, म्हणजे घट्ट, बिनदाण्याचा फोम, २५ मिमी जाडीचा. गच्चीच्या इन्सुलेशनसाठी हाच वापरतात, आपल्या उन्हामुळे नागपुरात त्याचं काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे मागा. पांढरा थर्माकोल चालत नाही, त्याचे दाणे सुटतात अन रेघ कोरता येत नाही. कठड्याच्या वरच्या दगडांसाठी ३ मिमी सनबोर्ड, फ्लेक्स बॅनरवाल्यांकडे त्याचं कटिंग पडलेलंच असतं. बाकी फेविकॉल, वॉल पुट्टी, बांबूच्या काड्या, स्नॅप ब्लेडचा कटर अन भरपूर नवीन ब्लेड, संपलेला बॉलपेन, अॅल्युमिनियम फॉइल, १५० नंबरचा पॉलिश पेपर अन अॅक्रिलिक रंग. स्टेशनरीचं सगळं नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका फेरीत होऊन जातं.

ब्लेडमधे कंजुसी करू नका भाऊ, बोथट ब्लेड फोम कापत नाही, ओरबाडतं.

इन्स्टंट ग्लू अन स्प्रे पेंट या दोन गोष्टी फोमपासून लांब ठेवा. दोन्ही फोमला अक्षरशः खातात, भोकं पडतात.

कापण्याच्या आधी रेघा

इथं क्रम महत्त्वाचा आहे. फोमच्या ३३१ बाय १३७ मिमीच्या पाच पाट्या कापा. पाच पाट्या एकमेकींना चिकटवल्या की १२५ मिमी रुंदी होते, म्हणूनच ते माप. बाहेरच्या दोन पाट्यांवर सगळी आखणी कमान कापायच्या आधीच करून घ्यायची, कारण कमान कापली की वर्तुळाचं केंद्र हवेत जातं अन मग रेघा अंदाजानं मारत बसावं लागतं.

पाटीच्या मधोमध, तळापासून २८ मिमी वर टाचणी खोचा, हे केंद्र. ८६ मिमीचं एक अर्धवर्तुळ काढा अन १०० मिमीचं दुसरं, या दोघांच्या मधे कमानीचे दगड येणार. आतल्या कमानीची लांबी साधारण २६९ मिमी भरते, म्हणजे १० मिमीचे २७ दगड बरोबर बसतात. मोजायची सुरुवात वरून करा: माथ्यावर चावीचा दगड, मध्यापासून ५ मिमी इकडे अन ५ मिमी तिकडे, मग कागदाची पट्टी वळणावर ठेवून दर १० मिमीला खूण करत खाली या, दोन्ही बाजूंना १३-१३ दगड येतात. आता टाचणीला दोरा बांधा, दोरा ताणून प्रत्येक खुणेवरून न्या अन त्या रेघेत पेन फिरवा. दोरा केंद्रातूनच येतो म्हणून रेघ चुकायची सोयच नाही. बाहेरच्या वर्तुळावर हाच दगड साडेअकरा मिमीच्या आसपास रुंद दिसेल, तीच त्याची पाचर.

कमानीच्या वरच्या भिंतीचे थर आडवे, ७ ते ९ मिमी उंचीचे, सगळे सारखे नकोत. दगडाची लांबी १० ते २० मिमी. सांधेमोड पाळा, म्हणजे खालच्या थराचा उभा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येता कामा नये, कोणताही गवंडी हेच सांगेल. जिथं थर कमानीला भिडतो तिथं दगड वळणाप्रमाणे तिरका कापलेला दाखवा, पण तिथं सुईसारखं टोक काढू नका, पाथरवट असा दगड कधी घडवत नाही कारण तो टिकतच नाही. टोक यायला लागलं की शेजारच्या दगडात मिसळून एकच मोठा दगड करा.

कोरणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कटरनं रेघेवर १ ते दीड मिमी खोल चिरा, मग त्याच चिरेत संपलेला बॉलपेन दाबून हळू ओढा. चीर उघडते अन दोन्ही कडा किंचित गोल होतात, जुन्या दगडाची कड अशीच असते. आधी न चिरता नुसता पेन ओढला तर फोम फाटतो.

मग एकेका दगडाकडे पाहा. काही दगड अंगठ्यानं अर्धा मिमी आत दाबा, काहींचा कोपरा कटरच्या टोकानं उडवा, एखाद्याला आडवी तडा द्या. सगळ्यांना सारखंच नको, दहातले सात दगड साधेच राहू द्या म्हणजे उरलेले तीन बोलतात. शेवटी फॉइलचा घट्ट गोळा करून पूर्ण भिंतीवर फिरवत दाबा, वरखाली न घासता. फॉइलच्या चुण्या फोमवर उमटतात अन गुळगुळीतपणा जातो. रस्त्यावरचा एखादा खरखरीत दगड मिळाला तर त्यानंही दाबून पाहा, मला तोच जास्त आवडतो, त्याचा ठसा दोन ठिकाणी सारखा पडत नाही.

कोरून झालं की कमान कापा, अर्धवर्तुळाच्या दोन्ही टोकांपासून तळापर्यंतचा २८ मिमीचा भागही सरळ खाली कापून काढा. आतल्या तीन पाट्यांवर फक्त अर्धवर्तुळ काढून कापायचं. कटर सरळ उभा धरा, एका दमात आरपार न जाता तीन-चार वेळा थोडं थोडं. पाच पाट्या फेविकॉल अन बांबूच्या काड्यांनी जोडा, मधे काड्या आरपार गेल्या पाहिजेत. फोममधून हवा जात नाही, त्यामुळे दोन फोमच्या मधला फेविकॉल फार हळू वाळतो, पावसाळ्यात तर दोन-तीन दिवस धरून चाला. म्हणून फेविकॉल पातळ लावा अन मधे जागा सोडून पट्ट्यांत लावा.

जोडल्यावर कमानीच्या आतली बाजू पॉलिश पेपरनं सारखी करा, पाट्यांमधल्या फटीत पुट्टी अन फेविकॉल कालवून भरा, वाळलं की बाहेरच्या दगडांच्या रेघा आतून सरळ पलीकडच्या तोंडापर्यंत न्या. कमानीच्या पोटाला दगड नसतील तर खाली वाकून पाहणारा लगेच पकडतो, अन डायोरामा पाहणारे वाकून पाहतातच.

कठडे वेगळे करा, ११ मिमी जाड अन २६ मिमी उंच. त्यावर सनबोर्डचे २० ते २५ मिमी लांबीचे तुकडे, दोन्हीकडून एकेक मिमी बाहेर आलेले. रस्त्यावर पुट्टीचा पातळ थर द्या, मधोमध जरासा फुगीर, अन तो ओला असतानाच किटमधल्या जीपची चाकं फिरवून चाकोरी उठवा.

युद्धाची मोडतोड

पूल सुंदर झाला की तोडायला हात धजत नाही, पण युद्धाचा पूल म्हटला की तोडावा लागतो अन तोडतानाही तोच कमानीचा नियम लागतो. माघार घेणारे जर्मन इंजिनिअर पूल उडवताना कमानीच्या पूर्ण रुंदीत स्फोटकं लावत. एकदा कमान आरपार तुटली की दाब जायला जागाच राहत नाही, सगळी कमान खाली येते, उरतात फक्त दोन्ही काठांचे ठुटे. त्यामुळे कमानीच्या बरोब्बर मधे टरबुजाएवढं भोक अन बाजूची कमान मात्र जशीच्या तशी, चावीचा दगड गेलाय तरी पूल उभाच, असं दाखवू नका. फ्लॉरेन्समधे ऑगस्ट १९४४ च्या सुरुवातीला जर्मनांनी आर्नो नदीवरचे पूल उडवले, एकटा पोंते वेक्कियो सोडला. त्यातला सांता त्रिनिता नावाचा पूल नंतर नदीतून काढलेले दगड वापरून परत बांधला, तो १९५८ मधे पूर्ण झाला. म्हणजे पडलेला पूल भुगा होत नाही, घडीव दगड खाली तसेच पडलेले असतात. तुमच्या ढिगाऱ्यातही कोरलेले, पाचरीच्या आकाराचे दगड दिसलेच पाहिजेत, नुसती गिट्टी टाकून चालत नाही. अन जेवढा पूल वरून गेला तेवढा माल खाली दिसला पाहिजे.

पहिल्या मॉडेलला मात्र माझं म्हणणं आहे की कमान पूर्ण ठेवा. कठड्याचा एखादा (खऱ्या मापात) हातभर भाग तोफगोळ्यानं उडालेला, भिंतीवर मशीनगनच्या गोळ्यांची तिरकी रांग, एवढं पुरे. गोळीची खूण काढायची तर पेनाच्या टोकानं खळगा करा अन त्याच्या भोवतीचा फोम कटरनं बशीसारखा उथळ उडवा, कारण दगड आत दबत नाही, त्याची कपची उडते. कठडा कटरनं न कापता हातानं मोडा अन मोडलेली कड सांध्यांच्या रेघेनं जाऊ द्या, सांधा दगडापेक्षा कच्चा असतो, भिंत तिथूनच सुटते.

रंग

आधी काळा अॅक्रिलिक रंग अन फेविकॉल सारखे घेऊन थोडं पाणी टाकून पूर्ण पुलाला लावा, सांध्यांच्या तळापर्यंत. यानं फोम कडक होतो अन सावलीही आत बसते. वाळल्यावर पांढरा, पिवळी ऑकर अन थोडा काळा मिसळून मातकट राखाडी बनवा, जवळपास कोरड्या रुंद ब्रशनं वरून फिरवा, सांधे काळेच राहू द्या. मग त्याच रंगाच्या तीन-चार छटा करा, एक जास्त पिवळी, एक निळसर राखाडी, एक फिकट तपकिरी, अन सुटे सुटे दगड निवडून रंगवा. इथं घाई नको, पूल जिवंत होतो तो इथंच.

यानंतर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) भरपूर पाण्यात, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, असा वॉश सगळीकडून सोडा. साबणामुळे पाणी थेंब धरून न राहता सांध्यात उतरतं. खऱ्या बांधकामात चुन्यानं दर्जा (दगडांमधल्या फटी) भरलेल्या असतात, ते दाखवायचं तर वाळलेल्या पुलावर पुट्टीची कोरडी पूड बोटानं सांध्यांत चोळा अन दगडावरची ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पूर्ण पुलाला नको, अर्ध्याअधिक ठिकाणी दर्जा निघून गेलेल्याच बऱ्या दिसतात.

पाण्याच्या जवळचे दगड गडद अन हिरवट, त्यावर पुराची आडवी पुसट रेघ. कमानीच्या पोटाला सांध्यांतून उतरलेले पांढरे ओघळ काढा, पाणी झिरपताना चुना बाहेर आणतं त्याचे ते डाग. अन जिथं दगड नुकताच फुटलाय तिथला रंग बाकीच्यापेक्षा फिकट अन स्वच्छ ठेवा, शंभर-दोनशे वर्षांचा मळ त्या ताज्या फुटीवर नसतो. मोडतोड या लढाईतलीच आहे, जुनी नाही, हे पाहणाऱ्याला फक्त यावरून कळतं.

एप्रिल-मेमधे काम करणार असाल तर रंग पॅलेटवरच वाळतो. स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर अन त्यावर रंग काढा, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो. पावडर, बारीक रेती, गवत टाकताना कूलर बंद ठेवा, घाम आला तर येऊ द्या.

पात्र अन काठ

उन्हाळ्यात इटलीतले डोंगरी ओढे बऱ्यापैकी आटतात, गोट्यांचं पात्र अन मधून एक धार, आपल्याला हे चित्र नवीन नाही. कन्हानची रेती घ्या, धुवा, उन्हात वाळवा अन दोन-तीन वेगवेगळ्या चाळण्यांतून काढा. १ मिमीचा दाणा म्हणजे या स्केलमधे साडेतीन सेंटिमीटरचा खडा, ३ ते ६ मिमीचा म्हणजे १० ते २० सेंटिमीटरचा गोटा. मोठे गोटे धारेजवळ, बारीक रेती वळणाच्या आत अन पुलाच्या आडोशाला. सगळं जागेवर टाकून त्यावर पाणी मारा, मग पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरनं सोडा. रेती वाळल्यावर ती पण रंगवावी लागते, न रंगवता ठेवली तर ती रेतीच दिसते.

काठावरच्या झुडपांसाठी कूलरच्या जुन्या ताटीतला लाकडाचा भुसा हिरवा-पिवळा रंगवून घ्या, तुळशीच्या वाळक्या काड्यांची बारीक झाडं होतात, वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवली की पाचोळा. पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन वापरायचं असेल तर त्याआधी फोम अन प्लायच्या सगळ्या फटी फेविकॉलनं बंद करा, एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त ओतू नका अन उन्हाळ्यात रात्रीच ओता, रेझिन जमताना स्वतः तापतं अन आपल्या गरमीत ते आणखी लवकर पेटल्यासारखं होतं, फोमला धोका. पहिल्यांदा करत असाल तर रेझिनच्या नादाला न लागता ग्लॉस वार्निशचे तीन-चार पातळ हात द्या, उथळ धारेला पुरतात.

पूल बेसवर बसवायचा तो खालून दोन-तीन जाड काड्या अन फेविकॉलनं, फोम हलका असतो, नुसता चिकटवला तर उचलताना निघून येतो. काठाची माती पुलाच्या भिंतीला घट्ट भिडवा, फट राहिली तर पूल जमिनीवर ठेवलेला दिसतो, जमिनीतून निघालेला नाही.

जवान अन गाडी सगळ्यात शेवटी. उन्हाळ्याचा गणवेश खाकी ड्रिलचा, डोक्यावर चपट्या काठाचं ब्रिटिश हेल्मेट. पुलावर सगळ्यांना गर्दी करून उभं करू नका, उघड्या पुलावर कोणी रेंगाळत नसे. एक जण मोडलेल्या कठड्याआडून पलीकडे पाहतोय, दोघं खाली कमानीच्या सावलीत, जीप अलीकडच्या काठावर थांबलेली, एवढ्यात गोष्ट होते. जवानांच्या बुटांना, जीपच्या चाकांना अन रस्त्याला एकाच रंगाची धूळ लावा. अन वरून अॅक्रिलिकचं झाकण करून घ्या, नागपूरची खरी धूळ एका उन्हाळ्यात सगळे सांधे भरून टाकते अन ती ब्रशनं निघत नाही.